खासगी जमीन आणि रानाची हद्द : जव्हार-मोखाड्यातील गुंता

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके मुंबईकरांच्या परिचयाचे असतात ते प्रामुख्याने तीन कारणांनी : दाभोसा आणि काळमांडवीचे धबधबे, वारली चित्रे आणि कुपोषणाच्या अधूनमधून येणाऱ्या बातम्या. महानगराच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग याच डोंगररांगांतून वाहत येतो, हे चौथे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पाणलोट सुरक्षित राहावा, वन्यप्राण्यांना सलग अधिवास मिळावा आणि भटकंती करणाऱ्यांना नीट आखलेल्या पायवाटा मिळाव्यात, या तिन्ही अपेक्षांचा शेवट बहुधा एकाच सूचनेत होतो. जंगलाच्या तुकड्यांमध्ये अडकलेल्या खासगी जमिनी शासनाने घ्याव्यात आणि रानाला जोडाव्यात, ही ती सूचना.

सूचना ऐकायला सरळ आहे. तानसा अभयारण्य शहापूर, वाडा आणि मोखाडा या तालुक्यांत पसरलेले असून त्याचे क्षेत्र तीनशे चौरस किलोमीटरहून अधिक आहे. त्याच्या उत्तरेकडे जव्हारपर्यंत वनखात्याच्या जमिनींचे लहानमोठे पट्टे आहेत. या पट्ट्यांच्या मधोमध भातखाचरे, उतारावरचे वरकस आणि पाडे आहेत. उपग्रहचित्रात हे सारे जवळजवळ एकसारखेच हिरवे दिसते. कागदावर मात्र त्यातील एकेका सर्व्हे नंबरचा इतिहास वेगळा आहे, आणि येथे 'खासगी जमीन' या शब्दाचा अर्थ पुण्या-मुंबईच्या बाजारात होतो तसा होत नाही. कोणती जमीन घ्यायची, हा प्रश्न म्हणूनच नंतरचा. जी जमीन शासनाने पन्नास वर्षांपूर्वीच घेतली असे कागद सांगतात, तिचा हिशेब अजून अनेक ठिकाणी पुरा व्हायचा आहे.

हा मुलूख पूर्वी मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानात होता. संस्थानच्या उत्पन्नात जंगलातील लाकडाचा वाटा मोठा असे. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा भाग ठाणे जिल्ह्यात आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर तो त्या जिल्ह्याकडे गेला. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी आणि कातकरी या जमातींची येथे वस्ती आहे. दोन्ही तालुक्यांत दर दहा रहिवाशांमागे सुमारे नऊ जण अनुसूचित जमातींचे आहेत. दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि जमिनीच्या व्यवहारात ही बाब सर्वांत निर्णायक ठरते.

वरकस आणि राब

जव्हार गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून संपतो. सपाट जागा थोडी. ओढ्याकाठी आणि दोन टेकड्यांच्या बेचक्यात बांध घालून केलेल्या खाचरांत भात होते. बाकी सारा उतार वरकस. वरकसावर पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी किंवा उडीद असे पीक घेतात आणि मग ती जमीन काही वर्षे मोकळी सोडतात. सोडलेल्या काळात तिच्यावर गवत वाढते, झुडपे येतात, ऐन आणि सागाचे खोड पुन्हा फुटते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तेथून जाणाऱ्या अनोळखी माणसाला ते रानच वाटेल.

वरकसाचा दुसरा उपयोग राबासाठी. भाताचे रोप ज्या वाफ्यात टाकायचे तो वाफा उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरून भाजून काढतात. त्याने तण मरते, राख मिसळते आणि रोप जोमाने वर येते. हा पालाफांदीचा पुरवठा वरकसातून आणि लगतच्या रानातून होतो. खाचर लहान असले तरी त्यामागे उतारावरची बरीच जमीन राबती असते. उतार काढून घेतला तर नागलीबरोबर खालचे भातही अडचणीत येते. हे जुन्या महसूल अधिकाऱ्यांना ठाऊक होते. म्हणूनच मुंबई कुळवहिवाट कायद्यातील शेतीच्या व्याख्येत राबासाठी जमीन वापरणे हाही शेतीचा भाग मानलेला आहे.

वनसंरक्षणाच्या कायद्यांनी ही व्याख्या आपलीशी केली नाही. कुऱ्हाडीने झोडपलेले झाड आणि जळालेला वाफा दिसला की वनखात्याच्या नजरेला तो ऱ्हास वाटतो. त्यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. लोकसंख्या वाढली, जमीन मोकळी सोडण्याची वर्षे कमी झाली आणि अनेक उतारांवरची माती वाहून गेली. पण जी जमीन सात वर्षांतून तीन वर्षे शेत असते आणि चार वर्षे रान, तिला कायद्याच्या एकाच रकान्यात बसवायचे म्हटले की कोणत्या वर्षी पाहणी झाली यावर तिचे भवितव्य ठरते.

३० ऑगस्ट १९७५

हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला तो महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ या कायद्याने. राज्यातील सर्व खासगी वने ३० ऑगस्ट १९७५ या एकाच दिवशी, सर्व बोजांपासून मुक्त होऊन, शासनाकडे निहित झाली आणि ती राखीव वने मानली जातील असे त्यात म्हटले होते. पर्यावरणाच्या कारणासाठी एवढ्या विस्तृत प्रमाणावर आणि इतक्या सोप्या शब्दांत खासगी जमीन घेतल्याचे उदाहरण राज्यात दुसरे नाही. त्या दिवशी कोणीही कोणाच्या दारात ताबा मागायला गेले नाही. कायद्याच्या एका कलमाने मालक बदलला.

कायद्यात दोन महत्त्वाचे अपवाद होते. त्या दिवशी जी जमीन कायदेशीररीत्या लागवडीखाली होती आणि जमीनधारणेच्या कमाल मर्यादेत होती, ती वगळली गेली. शिवाय १९७८ मध्ये घातलेल्या कलम २२-अ नुसार, ज्याची एकूण धारणा १२ हेक्टरपेक्षा जास्त नव्हती अशा लहान खातेदाराला त्याची वनजमीन परत मिळण्याची तरतूद झाली. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात बहुतेक आदिवासी खातेदार या मर्यादेच्या पुष्कळच खाली होते. म्हणजे कायद्याचा हेतू त्यांच्या जमिनी घेण्याचा नव्हता.

अडचण आली ती अंमलात. 'लागवडीखाली' म्हणजे काय? सातबारा उतारा हा दोन नमुन्यांचा मिळून होतो. सातव्यात मालक आणि इतर हक्क, बाराव्यात पीक. मोकळ्या सोडलेल्या वरकसासमोर बाराव्या नमुन्यात 'गवत' किंवा 'पड' अशी नोंद होते. पाळी चुकली नसती तर पुढच्या वर्षी तेथे नागली असती. पण १९७५ च्या पावसाळ्यात तेथे काय होते याचा एकमेव लेखी पुरावा तलाठ्याच्या त्या एका शब्दात होता. २२-अ खाली जमीन परत मिळवायची तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे चौकशी व्हावी लागे. त्यासाठी कायदा माहीत असणे, अर्ज करणे आणि डोंगर उतरून तारखांना हजर राहणे आवश्यक होते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि बांधकामांवर मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांना यातले काय शक्य होते, याची कल्पना करता येते.

'खासगी वन' कशाला म्हणायचे याची व्याख्याही लांब होती. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ३५(३) खाली ज्या जमिनीच्या मालकाला तोडबंदीसंबंधी नोटीस काढण्यात आली होती, ती जमीनही त्यात धरली गेली. अशा बऱ्याच नोटिसा १९५० च्या दशकातल्या होत्या. त्यांतील कित्येकांवर पुढे कोणताच आदेश निघाला नव्हता. शासनाकडे मालकी आल्यानंतरही सातबाऱ्यावर फेरफार अनेक ठिकाणी तीस वर्षांनी नोंदले गेले. मधल्या काळात मुलुंड, विक्रोळी, ठाणे परिसरात अशा जमिनींवर इमारती उभ्या राहून लोक राहायलाही आले होते. प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २००८ मध्ये शासनाच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉईस प्रकरणात तो फिरवला. नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकावर बजावलेली असली पाहिजे आणि तिच्यावर वाजवी काळात पुढील कार्यवाही झाली पाहिजे, असे त्या निकालाचे सार आहे. अर्धे शतक झोपून राहिलेल्या यंत्रणेला अचानक जाग येऊन हक्क सांगता येणार नाही, असा त्याचा रोख होता.

हा निकाल गाजला तो मोठ्या कंपन्या आणि सदनिकाधारकांमुळे. पण त्यातले तत्त्व डोंगरातल्या खातेदारालाही तितकेच लागू पडते. फरक इतकाच की विक्रोळीच्या जमिनीसाठी दिल्लीपर्यंत जाता येते, वरकसाच्या दोन एकरांसाठी जव्हारच्या प्रांत कार्यालयापर्यंत जाणेही जड असते.

अभयारण्याची घोषणा आणि अपुरी चौकशी

तानसा अभयारण्याची घोषणा १९७० मधील. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम त्यानंतर दोन वर्षांनी, १९७२ मध्ये आला. या कायद्याने अभयारण्यासाठी जो क्रम ठरवला आहे तो लक्षात घेण्यासारखा आहे. कलम १८ खाली शासन आपला इरादा जाहीर करते. त्यानंतर जिल्हाधिकारी स्थानिक भाषेत उद्घोषणा काढून दावे मागवतात, प्रत्येक दाव्याची चौकशी करतात, आणि एक तर ती जमीन वगळतात किंवा संपादन करतात. तिसरा पर्यायही कायद्यात आहे : मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून तो हक्क अभयारण्यात चालू ठेवता येतो. राष्ट्रीय उद्यानात ही मुभा नाही. अभयारण्यात आहे, आणि तिचा विसर वारंवार पडतो.

देशभरात अनेक अभयारण्यांची हद्द आखली गेली, पण हक्कांची चौकशी मात्र रेंगाळली. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट १९९७ रोजी सर्व राज्यांना ही कामे वर्षभरात पुरी करण्याचा आदेश दिला, यावरूनच दुर्लक्षाची व्याप्ती कळते. नकाशा आधी आणि माणसे नंतर, ही पद्धत किती महाग पडते याचा धडा महाराष्ट्राने सोलापूर-अहमदनगर भागात घेतला आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये तेथे सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात शेकडो गावे, शेते, रस्ते आणि शहरी वस्तीही आली. एवढी खासगी जमीन शासन विकत घेणे शक्यच नव्हते आणि निर्बंध मात्र सर्वांवर आले. शेवटी क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावे लागले. तोपर्यंत माळढोक वाढला नव्हता, त्याच्याविषयीचा राग मात्र वाढला होता.

तानसाच्या बाबतीत एक बोलका अपवाद आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड शतकाहून अधिक काळ नामशेष समजले जात होते. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकी अभ्यासकांना ते सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ पुन्हा दिसले. २०१४ मध्ये तेच घुबड तानसा अभयारण्यात आढळले आणि पश्चिम घाटाच्या उत्तर टोकाला त्याचे ठिकाण नव्याने नोंदले गेले. हा पक्षी घनदाट अरण्यातला नव्हे. सागाचे मोकळे, पानगळीचे रान, मधूनमधून गवताळ जागा आणि उजेड, असा त्याचा अधिवास. माणूस हटवला की अधिवास आपोआप सुधारतो, हे गृहीतक अशा पक्ष्याच्या बाबतीत तपासून घ्यावे लागते. मोकळी जागा कोणामुळे मोकळी राहिली, याचे उत्तर बिबट्याच्या सोयीचे एक आणि रानपिंगळ्याच्या सोयीचे दुसरे असू शकते.

विकत घेता न येणारी जमीन

आता विक्रीचा मार्ग पाहू. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ने कडक निर्बंध आहेत. शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याखेरीज असे हस्तांतरण वैध ठरत नाही. पूर्वी सावकारांकडे आणि इतरांकडे गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्यासाठी १९७४ चा स्वतंत्र कायदाही आहे. तेव्हा एखादी निसर्गप्रेमी संस्था किंवा सधन दाता पुढे येऊन 'आम्ही उतार विकत घेतो आणि जंगल राखतो' असे म्हणेल, तर हेतू कितीही चांगला असला तरी ते येथे सहजासहजी करता येत नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेस १९३४ पासून काम करणारी प्रादेशिक उद्यान संस्था स्वखुशीने विकणाऱ्यांकडून गुरांची कुरणे घेत गेली आणि त्यांतून पायवाटांचे मोठे जाळे उभे राहिले. तेथे विकणारा शेतमालक पैसे घेऊन दुसरीकडे कुरण घेऊ शकतो. मोखाड्यातील तीन एकरवाल्याला तशी दुसरी जमीन मिळण्याची जागाच नाही.

शासनाने सक्तीने घ्यायचे म्हटले तर २०१३ चा भूसंपादन कायदा लागू होतो. ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोन पटींचा गुणक आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, ही त्यातील तरतूद सर्वांना माहीत आहे. कमी माहीत असलेले कलम ४१ आहे. अनुसूचित क्षेत्रात शक्यतोवर संपादन करूच नये, करायचेच झाले तर शेवटचा उपाय म्हणून, आणि ग्रामसभेची पूर्वसंमती घेऊन, असे ते सांगते. पंचायत क्षेत्र विस्तार कायदा, १९९६ अर्थात 'पेसा' आणि त्याखालील राज्याचे २०१४ चे नियम यांनी ग्रामसभेला दिलेले अधिकार याच दिशेचे आहेत. शिवाय जेथे बाजारात खरेदी-विक्रीच होत नाही तेथे बाजारभाव ठरणार कशावरून? रेडीरेकनरमधील आकडा कमी, गुणकाने तो दुप्पट झाला तरी कमीच.

तिसरा प्रकार वनहक्काच्या जमिनीचा. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ नुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मान्य होतो. हा हक्क वारसांना मिळतो, पण विकता येत नाही. त्याआधी ठाणे जिल्ह्यात अशा जमिनी 'एकसाली प्लॉट' म्हणून ओळखल्या जात. पिढ्यान्‌पिढ्या कसूनही कागद नाही, आणि कागद नाही म्हणून अतिक्रमण, अशी त्यांची स्थिती होती. प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात १९९० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने दाव्यांची चौकशी केवळ कागदांवर अडवू नये असे सांगितले. पुढे वनहक्क नियमांनी वृद्धांची साक्ष, जुने बांध, विहिरी, देवस्थाने आणि दफनभूमी यांनाही पुराव्यात स्थान दिले. हे हक्क अभयारण्यातही लागू आहेत, आणि दाव्यांची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही.

उतारावरून खाली चालत गेल्यास एका तासात या साऱ्या प्रकारच्या जमिनी पायाखालून जातात : खातेदाराचे खाचर, १९७५ मध्ये निहित झालेला वरकस, वनहक्काचा प्लॉट, राखीव वन. कडेला कुंपण नसते. कोठे काय संपते ते फक्त कसणाऱ्याला माहीत असते.

धरणाच्या मोबदल्यात वन

खासगी जमीन रानाला जोडली जाण्याची आणखी एक वाट आहे आणि ती थेट मुंबईकडून येते. तानसा धरण १८९२ चे. मोडकसागर १९५० च्या दशकातले. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे वैतरणेवर बांधलेले मध्य वैतरणा धरण २०१२ च्या सुमारास उभे राहिले. मुंबई महापालिकेचा यापुढील प्रस्ताव गारगाई नदीवरील धरणाचा असून त्यातून दररोज ४४ कोटी लिटर पाणी मिळावे अशी योजना आहे. त्याच्या बुडीत क्षेत्राचा मोठा भाग तानसा अभयारण्यात येतो. दमणगंगा-पिंजाळ जोड प्रकल्पात जव्हार तालुक्यातील वाघ नदीवर खारगीहिल येथे धरण प्रस्तावित आहे.

वनजमीन अशा प्रकल्पाला द्यायची तर १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार पर्यायी वनीकरण करावे लागते. हा कायदा २०२३ च्या दुरुस्तीनंतर वेगळ्या नावाने चालू आहे. सर्वसाधारणपणे तितक्याच क्षेत्राची बिगर-वनजमीन वनखात्याकडे सोपवायची आणि तिच्यावर झाडे लावायची, असा नियम आहे. कागदोपत्री वनाचे क्षेत्र कायम राहते. प्रत्यक्षात ओढ्याकाठचे जुने रान पाण्याखाली जाते आणि त्याऐवजी दूरच्या कुठल्यातरी माळावर रोपांच्या रांगा येतात. ही पर्यायी जमीन अभयारण्याला लागून घ्यावी, म्हणजे अधिवास सलग होईल, असा युक्तिवाद वन्यजीवतज्ज्ञ करतात आणि तो शास्त्राला धरून आहे. पण लागून असलेली बिगर-वनजमीन म्हणजे बहुधा कोणाचा तरी वरकस. एका धरणासाठी काही पाडे उठणार आणि त्या धरणाच्या भरपाईसाठी आणखी काहींचे उतार जाणार, असा हा दुहेरी हिशेब होतो. हे टाळायचे तर पर्यायी जमीन निवडताना ग्रामसभेला नंतर नव्हे, आधी विचारावे लागेल.

स्वेच्छेने गाव हलवण्याचा मार्ग राज्यात व्याघ्र प्रकल्पांमध्ये वापरला गेला आहे. मेळघाट आणि ताडोब्यातील गावे बाहेर आली. त्यासाठी प्रत्येक कुटुंबामागे २००८ पासून १० लाख आणि २०२१ पासून १५ लाख रुपये अशी केंद्राची मदत आहे. तानसा हा व्याघ्र प्रकल्प नसल्याने ती योजना येथे लागू नाही.

ताबा न घेता वाट

मग अधिवास वाढवायचा आणि वाटा आखायच्या तर काय उरते? बरेच काही उरते, आणि ते कायद्याच्या पुस्तकात आधीपासून आहे.

वन्यजीव कायद्यात २००३ पासून 'समुदाय राखीव' असा प्रकार आहे. एखाद्या समूहाने किंवा व्यक्तीने आपल्या जमिनीवर वन्यजीव राखण्याची स्वतःहून तयारी दाखवली तर शासन ती जमीन तसे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. मालकी बदलत नाही. व्यवस्थापन समितीत स्थानिकांचे प्रतिनिधी असतात. अट एकच : त्यानंतर जमिनीचा वापर समितीच्या ठरावाशिवाय आणि शासनाच्या मान्यतेशिवाय बदलता येत नाही. ही अट लहान नाही. पुढच्या पिढीला तेथे घर बांधायचे असेल तर तिलाही ती बांधून ठेवते, हे सही करण्यापूर्वी गावाला सांगितले गेले पाहिजे.

सामूहिक वनहक्काचा मार्ग अधिक रुळलेला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला, तेव्हापासून राज्यात त्याची चर्चा झाली. जव्हार आणि मोखाडा परिसरात 'वयम्' चळवळीसारख्या संघटना ग्रामसभांबरोबर याच कायद्यावर काम करत आल्या आहेत. गावाने आपले परंपरागत वन राखावे, त्याचा आराखडा करावा, कुऱ्हाडबंदी कोठे आणि राबासाठी तोड कोठे हे ठरवावे, असा अधिकार या कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. वरकस केव्हा मोकळा सोडायचा आणि कोठल्या टेकडीवर सलग रान वाढू द्यायचे, हा निर्णयही एका पाड्याचा न राहता चार पाड्यांचा मिळून होऊ शकतो. बिबट्याला लागणारा सलग पट्टा अशा निर्णयांतून तयार होऊ शकतो. त्याला वेळ लागेल आणि प्रत्येक ग्रामसभा एकमताने वागेल असेही नाही. पण संपादनाच्या फायलीही येथे पन्नास वर्षे चालल्या आहेत.

वाटांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. चालण्याच्या हक्कासाठी जमिनीची मालकी लागत नाही. इंग्लंडमध्ये १९३२ साली किंडर स्काउटच्या पठारावर कामगारांनी मनाई मोडून सामूहिक पदयात्रा काढली, तेव्हा ती जमीन खासगी शिकारीची होती. २००० च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील नकाशित केलेल्या डोंगर, माळ आणि पडीक रानावर पायी फिरण्याचा हक्क सर्वांना मिळाला, मालकी मात्र होती तेथेच राहिली. आपल्याकडे हा विचार परका नाही. विदर्भात वाजिब-उल-अर्ज या गावाच्या नोंदवहीत खासगी जमिनीतून जाण्याच्या वहिवाटी लिहून ठेवण्याची पद्धत आहे. कोकणातल्या गावनकाशांत पायमार्ग आणि गाडीमार्ग तुटक रेषांनी दाखवलेले असतात. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार तो अडथळा दूर करू शकतात. हे हक्क मुळात शेतकऱ्यांच्या वहिवाटीसाठी आहेत, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी नव्हेत. पण जुनी वाट कोठून जाते याचा कागद त्यातून मिळतो आणि पाहुण्यांनी कोणत्या वाटेने यावे, वाटाड्याचे किती द्यावे, ओढ्यात काय टाकू नये, हे त्या कागदावरून ग्रामसभेला ठरवता येते. धबधब्यापर्यंत जाणारी वाट एखाद्याच्या खाचरातून जात असेल तर त्या खातेदाराला वाटेच्या पट्ट्यापुरते वार्षिक भाडे देणे संपादनापेक्षा स्वस्त पडेल. त्याचा सातबाराही त्याच्याच नावावर राहील.

अशी आखणी करताना मोजणी एकदा करून भागत नाही. जुलैत लावणी झाली की खाचरातून जाणारी वाट बांधावर चढते आणि फेरा घेऊन जाते. भात कापून झाले, खळी आटोपली की ती पुन्हा खाचरातून सरळ धावू लागते. ज्या वर्षी वरकसावर नागली असते त्या वर्षी तेथली पायवाट शेजारच्या उतारावरून असते. उन्हाळ्यात एकदा आणि भर पावसाळ्यात एकदा, अशी दोन वेळा गावकऱ्यांबरोबर ती चालून पाहावी लागते, आणि त्यानंतरच नकाशावर रेषा ओढता येते.